पाठीला शेक देण्याआधी रोटरचा ठोका ओळखा

हे हेलिकॉप्टर पायलटच्या पाठदुखीबद्दल आहे. बसलेल्या माणसाचं धड ४ ते ६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ ते ६ वेळा होणाऱ्या, उभ्या कंपनाला सगळ्यात जास्त साथ देतं. म्हणजे सीट हलते त्याहून कणा जास्त हलतो. चेतक हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर, म्हणजे वरचा फिरता पंखा, मिनिटाला सुमारे ३५३ फेरे घेतो. ६० ने भागलं की ५.९ हर्ट्झ. नेमकं कण्याच्या वर्मावर! पाती तीन, म्हणून रोजची थरथर त्याच्या तिप्पट, १७.६ च्या आसपास. ती यंत्राच्या स्वभावातच आहे. पण फेरीला एकदा बसणारा धक्का, म्हणजे 'वन-पर', वाढला असेल तर ते रोटरचं दुखणं आहे आणि ते दुरुस्त होतं.

म्हणून टेक-लॉगमध्ये, म्हणजे हेलिकॉप्टरच्या बिघाडांच्या नोंदवहीत, नुसतं 'व्हायब्रेशन जास्त' लिहू नका, त्यावरून इंजिनिअरला काहीच कळत नाही. धक्का खालीवर की आडवा, किती नॉट वेगाला सुरू होतो, हॉव्हरमध्येही (हवेत एका जागी थांबल्यावर) आहे का, ते लिहा. वेगाबरोबर वाढणारी खालीवर उसळी म्हणजे बहुधा ट्रॅक बिघडलाय, पाती एका पातळीत फिरत नाहीत. आडवा हेलकावा असेल तर वजनाचा बॅलन्स तपासायचा. पेडलमधून तळपायाला बारीक झिणझिण लागली तर टेल रोटर, म्हणजे शेपटीचा पंखा, बघायला सांगा.

आता बसणं. डावा हात खाली कलेक्टिव्हवर (वरखाली नेणाऱ्या दांड्यावर), उजवा सायक्लिकवर (दिशेला झुकवणाऱ्या दांड्यावर), त्यामुळे धड पुढे आणि डावीकडे कलतं. कंपन या वाकलेल्या कण्यात शिरतं. इंजिन बंद असताना, हेल्मेट घालूनच सीट लावा. आधी ढुंगण पार मागे सरकवा. मग उंची, मग पेडल: एक पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा आणि कंबर सीटच्या पाठीपासून सुटता कामा नये. काही हेलिकॉप्टरांत सीट हलतच नाही, फक्त पेडल पुढेमागे होतात. तिथे हीच पायरी महत्त्वाची. कमरेच्या पट्ट्याच्या रेषेत ३ सेंटिमीटर जाडीचा आधार पुरतो. उजवा कोपरापुढचा हात मांडीवर टेकू द्या. क्रूझमध्ये, म्हणजे सरळ एकसारख्या उड्डाणात, दर वीस मिनिटांनी, दुसऱ्या पायलटकडे कंट्रोल देऊन, पाठ ताठ करून घ्या.

जाड मऊ गादी मात्र नको. ती कमी हर्ट्झचं कंपन उलट वाढवू शकते, आणि जोरात आपटलं तर शरीर आधी तिच्यात रुततं, मग सीटवर आदळतं. सीटखाली सामानही कोंबू नका. आपटताना सीट दबायची जागाच त्याने अडते.

युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार ८ तासांच्या सरासरीत कंपनाची तीव्रता ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की मालकाने उपाय सुरू करायचे, १.१५ ही मर्यादा. हिशेबात तीव्रतेचा वर्ग धरतात: १.० तीव्रतेचे दोनच तास तो ०.५ चा आकडा गाठतात.

उतरल्यावर लगेच बॅगा उचलू नका, दहा मिनिटं चाला. पायात मुंग्या, पाऊल लुळं पडणं, जांघेच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काहीही झालं तर उड्डाण बंद, थेट इस्पितळ. आणि स्नायू सैल करणारी गोळी घेऊन कॉकपिटमध्ये बसायचं नाही. आधी मेडिकल एक्झामिनरला, म्हणजे पायलटची तपासणी करणाऱ्या डॉक्टरला, विचारा.