जुन्या सरायीत दोन रात्री: निघण्याआधी काय काय पाहायचं

जुन्या, ऐतिहासिक सरायीत शनिवार-रविवार दोघांनीच काढायचा असं ठरलं की पहिला हात बॅगेकडे जातो. बॅग राहू द्या, ती शेवटच्या संध्याकाळीही भरून होते. आधी फोन करा. नव्या हॉटेलात खोली आवडली नाही तर शेजारची मिळते आणि ती हुबेहूब तशीच असते. जुन्या वास्तूत एक खोली रस्त्यावर उघडते, दुसरी कधीकाळच्या पागेत असते, तिसरी माळ्यावर उतरत्या छपराखाली. शिवाय शनिवारी त्या सगळ्या भरलेल्या असतात. तिथे पोचल्यावर काहीच बदलून मिळत नाही, त्यामुळे जे विचारायचं ते पैसे भरण्याआधी.

त्याच्याही आधी एकमेकांना विचारायचं. दोघांत एकाला बहुधा तुळया, तळघरं आणि कोण कधी इथे उतरलं होतं याचं वेड असतं. दुसऱ्याला फक्त दोन दिवस कुणी उठवू नये एवढंच हवं असतं. दोन्ही जमतं, पण ठरवावं लागतं. दिवसातला कोणता वेळ फिरण्याचा आणि कोणता लोळण्याचा, हे घरीच बोलून घ्या. भुताखेतांचंही तेव्हाच उरकून टाका. बऱ्याच जुन्या सरायींना आपापलं एक भूत असतं आणि ते धंद्याला पोषक असल्याने कर्मचारी त्याची गोष्ट आनंदाने सांगतात. दोघांपैकी एकालाही रात्री दोनला त्या गोष्टीचा त्रास होणार असेल, तर ‘ती’ खोली नको असं बुकिंग करतानाच सांगावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता वास्तूची चौकशी. पहिला प्रश्न अगदी साधा: इथे राहता येतं का? लंडनच्या सदर्क भागातली ‘द जॉर्ज इन’ ही १६७६च्या आगीनंतर १६७७मध्ये पुन्हा बांधलेली सराय. लाकडी सज्जे असलेली, घोडागाड्यांच्या काळातली लंडनमधली ही शेवटची उरलेली. फोटो पाहून कुणीही तिथे राहण्याचे बेत करील, पण आज ती पब म्हणून चालते. दुसरा प्रश्न जुनेपणाचा. इंग्लंडमधल्याच राय गावच्या ‘मरमेड इन’ची तळघरं ११५६ची सांगितली जातात, वरची इमारत मात्र १४२०मध्ये नव्याने उभी राहिली. जाहिरातीतलं साल इमारतीच्या नेमक्या कोणत्या भागाचं, हे म्हणूनच पाहायचं. त्यातून तिसरा आणि सगळ्यांत कामाचा प्रश्न निघतो: आमची खोली मूळ इमारतीत आहे की मागच्या नव्या विस्तारात? फोटो जुन्या भागाचे आणि खोली नव्या भागात, असा प्रकार सर्रास चालतो. नवा भाग वाईट असतो असं मुळीच नाही. न्हाणीघर मोठं, भिंती सरळ, झोप शांत. झोपेवाल्या जोडीदाराचा कौल तिकडेच जाईल. फक्त आपण काय घेतोय ते कळलेलं असावं.

जिने. संरक्षित वास्तूत भिंती फोडून लिफ्ट बसवायला सहजी परवानगी मिळत नाही, त्यामुळे लिफ्ट नसणारच असं धरून चाला. खोली कितव्या मजल्यावर, जिना सरळ की गोल, सामान कोण चढवतं, हे विचारा. गुडघे कुरकुरत असतील तर तळमजला मागा आणि मिळाल्याचं लेखी घ्या.

पलंगाबद्दल फार कमी लोक विचारतात, खरं तर दोघांच्या सहलीत हा निम्मा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये ‘डबल’ पलंग १३५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे माणशी साडेसदुसष्ट. तिथला एकट्याचा पलंगसुद्धा ९० सेंटिमीटरचा असतो! छोट्या खोल्यांत तर १२० सेंटिमीटरचा ‘स्मॉल डबल’ही चालून जातो. घरी ऐसपैस पलंगाची सवय असलेल्या दोघांनी १५० सेंटिमीटरचा ‘किंग’ मागावा. नुसतं ‘मोठा पलंग आहे ना?’ विचारलं की उत्तर नेहमी ‘हो’ असतं. सेंटिमीटरमध्ये विचारलं की माणूस जाऊन मोजून येतो. चार खांबांचा, पडद्यांचा पलंग फोटोत फार देखणा दिसतो. त्याची गादी किती लांब ते उंच माणसाने विचारावं, कारण पायाकडे फळी असली तर पाय बाहेर काढायचीही सोय नसते.

न्हाणीघर खोलीला जोडून आहे का, की बोळ ओलांडून जावं लागतं? जोडून असेल तर शॉवर आहे की फक्त टब? गरम पाणी टाकीतून येतं की लगेच तापतं? टाकी लहान असली तर दुसऱ्याच्या अंघोळीला पाणी कोमट होतं, आणि आधी कोण यावरून सकाळचा मूड ठरतो.

आवाजाची बाब जरा खोलात जाऊन पाहू, कारण सुट्टीचा विचका सहसा इथेच होतो. युरोपातल्या घोडागाड्यांच्या सरायीची रचना ठरलेली असे. रस्त्यावर मोठी कमान, तिच्यातून गाडी आत अंगणात, अंगणाभोवती पागा, वर खोल्या, आणि रस्त्याच्या अंगाला पिण्याची-जेवणाची बैठक. घोडे दर दहा-पंधरा मैलांवर बदलावे लागत, म्हणून अशा सराया हमरस्त्यावरच वसल्या. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, घोडागाड्या बंद झाल्या, पण इमारत आहे तिथेच राहिली आणि रस्ताही. म्हणजे आज तुमच्या खिडकीखाली वाहतूक असू शकते आणि खोलीखालच्या बैठकीत शनिवारची गर्दी. खिडक्या जुन्या, एकेरी काचेच्या. त्या बदलण्यावरही बंधनं असतात. लाकडी तक्तपोशीतून खालचं हसणं स्पष्ट ऐकू येतं आणि वरच्या खोलीतला माणूस पाणी प्यायला उठला तेही कळतं. तेव्हा विचारायचे प्रश्न असे: खोली अंगणाच्या बाजूला आहे का? खाली बार आहे का, आणि तो किती वाजता बंद होतो? त्या शनिवारी तिथे लग्न किंवा पार्टी ठरली आहे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. जुन्या देखण्या वास्तूत लग्नं लागतातच, आणि तुम्ही विचारल्याशिवाय ते सांगतीलच असं नाही. जवळ घंटाघर असेल तर ते रात्री वाजतं का, हेही विचारून ठेवा.

उबेचं गणित वेगळं. दगडी, जाड भिंती हळू तापतात आणि हळू निवतात. उन्हाळ्यात हे सुख, थंडीत मात्र रिकामी पडलेली खोली तुम्ही पोचल्यावर हीटर लावून तासाभरात गरम होत नाही. येण्याची वेळ कळवा आणि दुपारपासून खोली तापवून ठेवायला सांगा. खोलीतली शेकोटी खरोखर पेटवायची आहे की नुसती शोभेची, हे विचारल्याशिवाय तिला काडी लावू नका. वापरात नसलेलं धुराडं पक्ष्यांच्या घरट्यांनी किंवा पडक्या विटांनी तुंबलेलं असू शकतं. अशा वेळी धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो, आणि त्याला ना वास ना रंग. शेकोटी चालू असलेल्या खोलीत त्याचा अलार्म आहे ना, हे पाहणं अतिसावधपणात मोडत नाही. रोमान्ससाठी मेणबत्त्या न्यायच्या असतील तर त्या घरीच ठेवा. लाकडी वास्तूत त्यांना बंदी असते आणि ती योग्यच आहे. बॅटरीवरचे दिवे न्या.

त्याच जाड भिंती वायफायही अडवतात. काहीजण मुद्दाम त्यासाठीच जातात. पण दोघांपैकी कुणाला रविवारी संध्याकाळी एक तरी कामाचा मेल पाठवायचा असेल, तर रेंज कुठे मिळते ते आधी विचारून ठेवा. नकाशे आणि तिकिटं निघण्याआधीच उतरवून घ्या.

विजेचंही तसंच. जुन्या खोल्यांत सॉकेट मोजकी आणि नेमकी पलंगापासून लांब असतात. परदेशी जात असाल तर व्होल्टेज पाहा. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, ब्रिटन-युरोपात २३०. अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. मोबाइलचे चार्जर सहसा सगळीकडे चालतात, पण केस वाळवायचं यंत्र चालेलच असं नाही. ते तिथलंच मागून घ्यावं.

र्योकान, म्हणजे पारंपरिक जपानी सराय, निवडलंत तर यादीत काही वेगळ्या गोष्टी येतात. यामानाशीतलं ‘निशियामा ओन्सेन केइउनकान’ इ. स. ७०५पासून सुरू असल्याचं मानतात आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून त्याची गिनेसकडे नोंद आहे. इशिकावातलं ‘होशी’ ७१८चं. इमारती अर्थात वेळोवेळी नव्याने बांधलेल्या. वय आहे ते परंपरेचं. तिथे बूट दारात, आणि ततामी चटईवर चपला नाहीत तशीच बॅगेची चाकंही फिरवायची नाहीत. झोपायला जमिनीवर गादी, म्हणून पाठीचं दुखणं असेल तर पलंगाची खोली आहे का ते विचारा. रात्रीचं जेवण बुकिंगचाच भाग असतं आणि त्याची वेळ लवकरची, ठरलेली असते. उशिरा पोचलात तर ते सरळ हुकतं. जोडप्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे गरम पाण्याची सामाईक कुंडं पुरुषांना आणि बायकांना सहसा वेगवेगळी असतात. दोघांना एकत्र उतरायचं असेल तर ‘काशिकिरी’, म्हणजे तेवढ्या वेळापुरतं राखून मिळणारं कुंड, आधी सांगून ठेवावं लागतं. अंगावर गोंदण असेल तर तेही आधी विचारा. कित्येक ठिकाणी सामाईक कुंडात ते चालत नाही, राखीव कुंडात सहसा कुणाची हरकत नसते.

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटून निघणाऱ्यांनी दोन वेळा लिहून घ्याव्यात: स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं आणि बाहेरचं दार किती वाजता. छोट्या सरायीत रात्रभर रिसेप्शनला माणूस नसतो. उशीर होणार असेल तर चावी कुठे ठेवणार, दाराचा कोड काय, कुणाला फोन करायचा, हे निघायच्या आधी फोनमध्ये असू द्या. कुणाला एखादा पदार्थ वर्ज्य असेल तर तो बुकिंगच्या वेळीच कळवा. शनिवारची एकच रात्र बऱ्याच ठिकाणी देत नाहीत, दोन घ्याव्या लागतात. रद्द करण्याची मुदतही तेव्हाच वाचून घ्या.

आता बॅग, आणि ती थोडक्यात. अरुंद जिन्यावरून हातात उचलता येईल अशी एकच मऊ बॅग, दोघांत मिळून. दोघांचीही ओळखपत्रं. नेहमीची औषधं. कानात घालायचे बोळे, दोन जोड्या. मऊ तळव्याच्या सपाता, कारण तक्तपोशी करकरते आणि गारही असते. एकावर एक घालता येतील असे कपडे. थोडी रोख. पत्त्यांचा एक जोड, पाऊस लागला तर.

आणि एक टॉर्च, मोबाइलची नव्हे, वेगळी. रात्री बोळातून जायला ती लागतेच, पण इतिहासवाल्या जोडीदाराला तिचा आणखी एक उपयोग आहे. खोलीतली जुनी तुळई दिवसा सपाट, काळपट दिसते. टॉर्च तुळईला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा पाडा. तासणीचे घाव उठून दिसतात. जोडाशेजारी कधी रोमन आकड्यांसारख्या कोरलेल्या रेघा सापडतात: कोणतं लाकूड कुठे बसवायचं हे लक्षात राहावं म्हणून सुतारांनी घातलेल्या खुणा. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत दारं-खिडक्या-चुलाण्यांजवळ कंपासने कोरलेली सहा पाकळ्यांची फुलंही आढळतात. ती वाईट शक्तींना अडवण्यासाठी असावीत असा अभ्यासकांचा कयास आहे. २०१६मध्ये ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या वारसा जपणाऱ्या संस्थेने अशा खुणा सापडल्या तर कळवा असं लोकांना आवाहन केलं होतं. हात मात्र लावू नका, आणि त्यांच्या शेजारी आपलं नाव तर अजिबात नको.

पोचल्यावर सामान टाकून लगेच लोळू नका. उजेड असेपर्यंत खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत एकदा चालून या, दुसरा जिना कुठे उतरतो ते पाहा. लाकडी वास्तूत ही फेरी चुकवू नये. वाटेत दाराच्या चौकटी आणि आडव्या तुळया किती खाली आहेत ते उंच माणसाने डोकं न आपटता शिकून घ्यावं. जमीन एका बाजूला कललेली दिसेल. पलंगाच्या दोन पायांखाली लाकडी पाचरी सारलेल्या असतील, त्या पलंग सपाट राहावा म्हणून आहेत. पसारा समजून काढू नका. पलंगाची कोणती बाजू कुणाची, ते छपराचा उतार पाहून ठरवा. जो रात्री जास्त वेळा उठतो, त्याला उंच बाजू.

राहिला रविवार. खोली सहसा दहा-अकरापर्यंत सोडावी लागते. उशिरापर्यंत ठेवायची असेल तर शनिवारी सकाळीच विचारा, रविवारी दारावर टकटक झाल्यावर नाही. सामान तिथेच ठेवून दुपारपर्यंत फिरता येतं, तेवढी सोय बहुतेक ठिकाणी देतात. जुन्या कपाटांचे खण खोल असतात, शेवटी हात घालून पाहा; चार्जर हमखास मागच्या कोपऱ्यात राहतो. आणि जड पितळी बिल्ला लावलेली चावी रिसेप्शनला दिली का, हे गाडीत बसायच्या आधी खिसे चाचपून बघा, दोघांनीही.