पोरिन हरवले असे लिहिण्यापूर्वी या चुका टाळा

बडोद्यात ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या बाह्यपटलावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे जेल (प्रथिने आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करणारा थर) मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. पोरिन म्हणजे या पटलातले छिद्राचे प्रथिन, ज्यातून औषध आत शिरते. ‘पट्टा दिसत नाही, म्हणजे पोरिन गेले, म्हणूनच औषधाला प्रतिरोध आला’ हा निष्कर्ष दरवर्षी नव्या वहीत सापडतो, आणि बहुतेक वेळा तो घाईतून आलेला असतो.

सर्वांत महाग पडणारी चूक माध्यमाची, म्हणजे जीवाणू ज्यात वाढवतो त्या द्रावणाची. ई. कोलाय या जीवाणूत ओम्प-एफ आणि ओम्प-सी या दोन पोरिनचे प्रमाण भोवतालच्या क्षारतेनुसार बदलते. एन्व्ह-झेड आणि ओम्प-आर ही बदल ओळखणाऱ्या प्रथिनांची जोडी ते ठरवते, आणि मीठ वाढले की किंचित रुंद छिद्राचे ओम्प-एफ घटून ओम्प-सी वाढते. एका मे महिन्यात एक विद्यार्थिनी युरिया घातलेला जेल घेऊन आली. तुलनेसाठीच्या कंट्रोलमध्ये दोन पट्टे स्पष्ट होते, तर मूत्रनमुन्यातील जीवाणूत एकच. ‘सर, ओम्प-एफ गेलंय,’ ती आनंदाने म्हणाली. दीड महिना वाट पाहून जनुकाचा क्रम हाती आला, तर तो पूर्ण शाबूत. वही उलटून पाहिली तेव्हा कळले, की कंट्रोल मीठ नसलेल्या ब्रॉथमध्ये वाढवला होता, पण नमुन्याच्या दिवशी तो ब्रॉथ संपल्यामुळे लिटरला १० ग्रॅम मीठ असलेला एलबी ब्रॉथ वापरला होता. तेव्हापासून कंट्रोल आणि नमुना एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या माध्यमात वाढवल्याशिवाय मी जेल पाहायला बसत नाही, आणि मिठाचे प्रमाण नळीवरच मार्करने लिहायला लावतो.

दुसरी चूक एकट्या पोरिनवर सगळा भार टाकण्याची. पोरिन गेल्याने औषधाचा प्रवेश मंदावतो, पण एवढ्याने एमआयसी (जीवाणूंची वाढ थांबवणारे औषधाचे किमान प्रमाण) सहसा थोडीच वाढते. आत बीटा-लॅक्टमेज हे पेनिसिलिनसारखी औषधे फोडणारे एन्झाइम असेल, तर हळूहळू येणारे रेणू त्याला एकेक करून गाठता येतात, आणि मग क्लेबसिएला या जीवाणूत ओम्प-के-३५ व ओम्प-के-३६ ही दोन्ही पोरिन नसताना ईएसबीएल किंवा एएमपी-सी यांपैकी एखादे बीटा-लॅक्टमेज असले, तर एर्टापेनेम हे कार्बापेनेम गटातले औषधही निरुपयोगी ठरू शकते. म्हणून एन्झाइमची तपासणी आधी करा. स्यूडोमोनास या जीवाणूतील ओपीआर-डी हे पोरिन इमिपेनेम या कार्बापेनेमचे खास दार असल्याने तेथे ते बंद होणे अधिक जाणवते, तरी मेरोपेनेमवर परिणाम तुलनेने कमी होतो. एका औषधावरून सर्व कार्बापेनेमांबद्दल लिहू नये.

पीसीआरमध्ये (जनुकाच्या प्रती काढून ते शोधणाऱ्या चाचणीत) जनुक दिसले म्हणजे पटलात प्रथिन आहे असे नव्हे. मध्येच प्रथिन अर्धवट थांबवणारा स्टॉप कोडॉन असू शकतो.

नमुना न उकळता जेलवर चढवल्यास पोरिन त्रिकूटरूपात वरच अडकते आणि ३५ ते ४० किलोडाल्टन रेणुभाराची जागा रिकामी दिसते.

सुमारे १,४५० डाल्टनचे व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक पोरिनमधून जातच नाही. ग्रॅम-निगेटिव्हमधील त्याच्या प्रतिरोधाला पोरिन हरवल्याचा पुरावा मानणे चूक आहे.

टोल-सी हेही बाह्यपटलाचे प्रथिन आहे, पण ते औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाचा शेवटचा भाग आहे. पंप बंद करण्यासाठी वापरले जाणारे पीएबीएन हे रसायन स्वतःच बाह्यपटल सैल करते, त्यामुळे त्याच्यासोबत एमआयसी उतरली की श्रेय पंपाला देऊन मोकळे होणारे मला अजिबात पटत नाहीत. मी तोच प्रयोग मॅग्नेशियम घालून पुन्हा करून घेतो. त्याने पटल सावरते, आणि उतरलेली एमआयसी परत वर गेली तर त्या घटीत पटलाचा वाटा होता हे तेथेच कळते.