कोरफड वापरताय? आधी या चुका टाळा

कोरफडीच्या एकाच पानात दोन वेगवेगळी औषधं असतात. हिरवी साल काढली की आत पारदर्शक, बुळबुळीत भाग दिसतो, तो गर. आणि सालीच्या लगेच खाली, गराला चिकटून, बारीक नळ्यांमधून वाहणारा पिवळा, कडूजहर रस म्हणजे चीक. गर त्वचेला गारवा आणि ओलावा देतो. चीक जुलाब करवतो, तेही पोटात मुरडा आणून. कोरफड लावल्यावर खाज सुटली, रस प्यायल्यावर पोट बिघडलं, आठवडाभरात गुण यायच्या ऐवजी अशक्तपणा आला, अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी ही दोन औषधं एकच समजण्याची चूक असते.

जुन्या वैद्यांना पानाची दोन्ही अंगं चांगली ठाऊक होती. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ याने कोरफडीचा वाळवलेला रस रेचक म्हणून नोंदवला आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदिक ग्रंथात कुमारी, म्हणजे कोरफड, ‘भेदनी’ म्हटली आहे, साचलेला मळ फोडून बाहेर काढणारी. तिथेच ती भाजलेल्या जागेवरही सांगितली आहे. चीक आटवून वाळवला की काळपट खडा तयार होतो. त्यालाच एलुवा किंवा काळा बोळ म्हणतात. हे औषध प्रकृती पाहून, अगदी थोड्या मात्रेत आणि थोडेच दिवस द्यायचं, ही वैद्यांची रीत. ‘झाडपाल्याचं आहे, रोज पेलाभर प्या’ हा सल्ला परंपरेचा नाही. परंपरेच्या नावावर तो अलीकडे चिकटवला गेला आहे, आणि तो खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

पान कापलं आणि लगेच गर काढला

सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत सहज टाळता येणारी ही चूक. पान कापल्याबरोबर कापलेल्या टोकातून पिवळा चीक ओघळू लागतो. तो वाहून जाऊ द्यायचा असतो. पान धुवा, कापलेली बाजू खाली करून एखाद्या भांड्यात तिरकं उभं करा आणि पाऊण-एक तास तसंच राहू द्या. भांड्यात जमलेलं पिवळं पाणी टाकून द्या. मग बुंध्याकडचा पांढरट भाग इंचभर कापून टाका, कारण चीक तिथे जास्त असतो. दोन्ही कडांचे काटे काढा, वरची-खालची साल सुरीने सोलून घ्या आणि उरलेला गराचा तुकडा वाहत्या पाण्याखाली धुवा.

यातही एक खोच आहे. गर वाया जाऊ नये म्हणून बरेच जण साल चमच्याने खरवडतात. चीक नेमका सालीच्या आतल्या अंगाला असतो, म्हणजे खरवडून आपण तोच गरात मिसळतो. सालीला थोडा गर राहिला तर राहू द्या. अख्खं पान सालीसकट मिक्सरमध्ये फिरवणं तर पोटात घेण्यासाठी कधीच करू नये.

काढलेला गर पिवळसर दिसतोय, जिभेला कडू लागतोय? मग चीक राहिला आहे. पुन्हा धुवा, पिवळ्या रेघा दिसतील तो भाग कापून टाका. त्यानंतरही कडू लागला तर तो पोटात घेऊ नका. साखर-लिंबू घालून कडूपणा झाकता येतो, पण चिकाचा परिणाम तसाच राहतो.

‘पोट साफ होतंय’ म्हणून रोज रस पिणं

रसात चीक राहिला असेल तर पोट त्यानेच साफ होत असतं. चिकात ॲलोइन नावाचं द्रव्य असतं. ते जठरात फारसं काही करत नाही. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू त्याचं रूप बदलतात आणि मग आतड्याची हालचाल वाढते, पाणी शोषलं जात नाही, जुलाब होतात. याला साधारण सहा ते बारा तास लागतात. म्हणून सकाळी रस प्यायलेल्या माणसाच्या पोटात संध्याकाळी मुरडा येतो तेव्हा त्याला सकाळचा रस आठवतही नाही. दोष दुपारच्या जेवणाला जातो आणि दुसऱ्या दिवशी रस पुन्हा चालू.

असं दिवसेंदिवस चाललं की शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होत जातं. पायांत गोळे, थकवा, छातीत धडधड, ही त्याची लक्षणं. आतड्यालाही या ढकलण्याची सवय लागते आणि रस बंद केल्यावर बद्धकोष्ठ आधीपेक्षा वाढल्यासारखं वाटतं. मग माणूस मात्रा वाढवतो. इथे थांबायला हवं. दिवसाला एक ग्रॅम चीक काही दिवस घेतला तरी मूत्रपिंडांना इजा होऊ शकते आणि ती जिवावरही बेतू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये कोरफडीचा चीक असलेली जुलाबाची औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, कारण ती सुरक्षित असल्याची पुरेशी माहिती उत्पादकांनी दिली नव्हती.

पुढे उंदरांवरच्या दोन वर्षांच्या प्रयोगात, चीक न काढलेल्या अख्ख्या पानाच्या अर्कामुळे मोठ्या आतड्यात गाठी झाल्याचं दिसलं. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा अर्क ‘माणसात कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता’ असलेल्या २बी गटात टाकला आहे. हे वाचून चेहऱ्याला लावायचा गर फेकून देऊ नका. इशारा अख्ख्या पानाचा, चिकासकट अर्क पिण्याबद्दल आहे.

तयार रस घेणार असाल तर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. ‘इनर लीफ’ म्हणजे फक्त आतला गर. ‘होल लीफ’ म्हणजे अख्खं पान. अख्खं पान असेल तर ‘डीकलराइज्ड’ हा शब्द शोधा, म्हणजे गाळून चिकातली द्रव्यं काढलेली असतात. कोरफडीच्या व्यवसायातली आंतरराष्ट्रीय परिषद पिण्याच्या उत्पादनात ॲलोइन दहा लाखांत दहा भागांपेक्षा कमी असावं असं सांगते. यातलं काहीच बाटलीवर लिहिलेलं नसेल तर ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रस घेत असताना डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, भूक मेली, तर रस त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवा. पोटात घेण्याच्या कोरफडीच्या औषधांनी यकृताला सूज आल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. बंद केल्यावर रुग्ण सहसा बरे होतात, पण त्यासाठी डॉक्टरांना रसाबद्दल सांगावं लागतं. ‘कोणती औषधं घेता?’ या प्रश्नाच्या उत्तरात लोक गोळ्या सांगतात, कोरफड सांगत नाहीत.

कुणी पिऊच नये

गरोदर बायांनी चीक किंवा रस घेऊ नये. चिकामुळे ओटीपोटात रक्ताचा ओघ आणि कळा वाढू शकतात. पाळी आणण्यासाठी आयुर्वेदात हाच वाळवलेला चीक वापरतात, यावरून काय ते समजावं. अंगावर पाजणाऱ्या आईने, लहान मुलांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, आतड्याला सूज किंवा अडथळा असलेल्यांनी आणि मूळव्याधीतून रक्त जाणाऱ्यांनीही लांब राहावं.

चालू औषधांकडेही बघा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे आधीच पोटॅशियम कमी होत असतं, त्यात जुलाबांची भर पडते. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला कमी पोटॅशियम विशेष धोक्याचं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन चालू असेल तर जुलाबांनी त्याचा परिणाम वाढू शकतो. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर रस घेतला तर साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. ‘कोरफडीने साखर उतरली’ म्हणून स्वतःच गोळी बंद करणं ही त्याहून मोठी चूक.

भाजल्यावर आधी कोरफड शोधणं

भाजल्यावर पहिलं औषध म्हणजे नळाचं साधं पाणी. वीस मिनिटं, वाहतं. बर्फ लावायचा नाही. त्वचेत अडकलेली उष्णता आधी बाहेर पडायला हवी. कोरफड तोडून, सोलून आणेपर्यंत ही उष्णता आत जखम खोल करत राहते. पाण्यानंतर त्वचा फक्त लाल असेल, फोड नसेल, तर गर लावायला हरकत नाही. वरवरच्या भाजण्यात कोरफडीने बरं वाटतं, आणि त्वचा थोडी लवकर भरून येत असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे.

फोड फुटला आहे, आतलं मांस दिसतंय, भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा आहे, चेहरा, सांधे किंवा जननेंद्रियं भाजली आहेत, विजेने किंवा रसायनाने भाजलं आहे, अशा वेळी कोरफड नको, दवाखाना. कुंडीतलं पान कितीही धुतलं तरी निर्जंतुक होत नाही, आणि उघड्या जखमेत जंतूंना वाट मिळते. खोल जखमांबद्दल आणखी एक गोष्ट. शस्त्रक्रियेनंतर उकललेल्या, उघड्या ठेवलेल्या जखमांवर कोरफडीचं जेल लावून केलेला एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पट्टीने जखम भरायला सरासरी ५३ दिवस लागले होते, जेल लावलेल्यांना ८३. म्हणून टाक्यांच्या जागेवर मनानं कोरफड लावू नये.

उन्हाने तापलेल्या त्वचेला गराने आराम पडतो, पण गर उन्हापासून संरक्षण करत नाही. लावून उन्हात जाणं उपयोगाचं नाही.

चेहऱ्याला लावलं आणि खाज सुटली

ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा. चोळू नका, वर दुसरं काही लावू नका. बहुतेक वेळा गरात राहिलेल्या चिकानेच ही खाज सुटते आणि तासाभरात शांत होते. पुरळ, सूज आली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर ती ॲलर्जी समजून डॉक्टरांकडे जा. कांदा-लसणाची ॲलर्जी असणाऱ्या काहींना कोरफडही सोसत नाही. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडा गर लावून दिवसभर थांबायचं, मग चेहरा.

विकतच्या जेलने चरचरत असेल तर दोष बहुधा त्यातल्या अल्कोहोलचा किंवा सुगंधाचा. खरा गर रंगहीन असतो. बाटलीतला हिरवागार दिसतो तो रंगामुळे. घटकांच्या यादीत जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं, तेव्हा कोरफड तळाशी असेल तर ती नावापुरतीच आहे.

गर साठवण्यातल्या चुका

गरात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते त्याला गार ठेवतं आणि लवकर नासवतंही. फ्रिजबाहेर ठेवलेला गर त्याच दिवशी टाकून द्यावा. झाकणाच्या स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस फार तर. जास्त हवा असेल तर छोटे तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा. पातळ पाण्यासारखा झाला, आंबट वास आला किंवा गुलाबी-तपकिरी छटा आली की तो त्वचेलाही लावू नये. उकळूनही तो सुधारत नाही. उलट उष्णतेने गरातल्या लांब साखळीच्या शर्करा तुटतात, ज्यांच्यामुळे त्याला तो बुळबुळीतपणा आणि गुण असतो.

झाड कोणतं आहे, ते नक्की करा

मांसल, काटेरी कडांचं प्रत्येक झाड कोरफड नसतं. घायपात दिसायला जवळची, पण तिची पानं ताठ, आत दोरखंडासारखे धागे आणि टोकाला सुईसारखा कडक काटा. तिच्या रसाने अंगावर फोड येऊ शकतात. कोरफडीचं पान मोडलं तर आत धागे नाहीत, फक्त गर. तिची फुलं पिवळी असतात, टोकाचा काटा मऊ. कोरफडीच्या शेकडो जाती आहेत आणि सगळ्या औषधी नाहीत. शोभेच्या दुकानातून आणलेलं, नाव माहीत नसलेलं रोप पोटात घेऊ नये.

औषधासाठी दोन-तीन वर्षांच्या झाडाचं, बाहेरच्या बाजूचं, जाड पान घ्यावं. मधलं कोवळं पान तोडलं तर गर कमी मिळतो आणि झाडही खुंटतं. पानं पातळ, आत वळलेली दिसत असतील तर झाडाला पाणी कमी पडलंय. पानं पिवळी, मऊ, बुंध्याशी पिचपिचीत असतील तर पाणी जास्त झालंय, मुळं कुजली आहेत. दुसरंच जास्त वेळा घडतं. रोप उपटा, काळी मुळं कापा, दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि वाळू मिसळलेल्या मातीत, तळाला भोक असलेल्या कुंडीत लावा. माती खोलवर कोरडी होईपर्यंत पाणी नको. नवीन रोप हवं असेल तर बुडाशी आलेली पिल्लं वेगळी करा. नुसतं पान मातीत खोचलं तर ते सहसा कुजतं. आणि किडीसाठी फवारलेल्या झाडाचं पान औषधाला घेऊ नका.

घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा. पान चघळल्याने त्यांना उलट्या, जुलाब होतात. कापलेल्या पानांची सालं आणि चिकाचं पाणीही त्यांच्या वाटेत टाकू नये.