वकिलातीत नेमणूक: मुंबईतून बिऱ्हाड हलवताना

ऑर्डर हातात आली की घरात पहिली चर्चा सुरू होते ती सामानाची. फ्रिज न्यायचा का, सोफा विकायचा का, गादीचं काय? ती चर्चा थांबवा आणि कागदांची पिशवी काढून जमिनीवर मांडा. आयकर, सीमाशुल्क, नौदल, परराष्ट्र सेवा, खातं कुठलंही असो, दूतावासातल्या नेमणुकीवर निघालेल्या कुटुंबाचे आठवडे दोन ठिकाणी अडकतात: नावांतल्या फरकात आणि मुलांच्या लशींत. या दोन गोष्टींना जादा पैसे भरूनही घाई करता येत नाही. म्हणून सुरुवात तिथून.

नावं आधी जुळवा

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, कधी पहिलंही. मग पदवी माहेरच्या नावाची, पॅन सासरच्या नावाचं, आधारवर मधलं नाव गायब आणि बँकेत नुसतं आद्याक्षर. मुंबईत हे खपून जातं. पण तिकडचं परराष्ट्र खातं पती, पत्नी, मुलं यांची नोंद घेताना पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि जन्मदाखला शेजारी ठेवून बघतं. तिथे एका अक्षराचा फरक निघाला तर ओळखपत्र अडतं, आणि ओळखपत्राशिवाय घराचा करार, बँक खातं, सामानाची करमाफी सगळंच अडू शकतं.

एका कागदावर रकाने आखा. घरातल्या प्रत्येकाचं नाव प्रत्येक कागदावर इंग्रजी अक्षरांत जसं आहे तसं उतरवा. वाघमारे कुठे डब्ल्यूने आहे आणि कुठे व्हीने, दीपाच्या स्पेलिंगमध्ये आय आहे की दोन ई, हे तेव्हाच दिसतं. मग एकच रूप ठरवा, शक्यतो सध्याच्या पासपोर्टवरचं, आणि बाकीचे कागद त्याच्याकडे वळवा. सेवापुस्तिकेतली कुटुंबाची नोंदही तपासा. ती बरेचदा लग्नाच्या वर्षी भरलेली असते आणि धाकट्या मुलाचं नाव तिच्यात नसतं. नाव खरोखरच बदललेलं असेल आणि पुरावा नसेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण छापून यायला वेळ जातो. लग्नानंतर नाव बदललेलंच नसेल, तर आता पोस्टिंगसाठी म्हणून बदलायला घेऊ नका. विवाह प्रमाणपत्र पुरतं.

मुलांच्या बाबतीत एक नवा पेच आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम लागू आहे. त्यामुळे थोरल्याच्या दाखल्यावर फक्त वडिलांचं नाव आणि धाकटीच्या दाखल्यावर आईचंही, असं एकाच घरात होऊ शकतं. दोन्ही बरोबर आहेत. फक्त प्रत्येक मुलाचा पासपोर्ट त्याच्या स्वतःच्या दाखल्याबरहुकूम काढा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. बाळाचं नाव न घातलेला दाखला घरात असेल तर आधी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नाव चढवून घ्या. जुना हाताने लिहिलेला असेल तर संगणकीय प्रत काढा.

लग्नाची नोंदणी राहिली असेल तर तीही वॉर्ड ऑफिसातच होते. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार यांची जमवाजमव करावी लागते, म्हणून हे पहिल्या आठवड्यातच करा.

विवाह, जन्म आणि पदवीच्या मूळ कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा आंतरराष्ट्रीय शिक्का, लागेल का, हे जिथे चाललात त्या दूतावासाच्या प्रशासन विभागाला ईमेल करून विचारा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये त्यात आले, तर संयुक्त अरब अमिराती करारात नाही. करारात नसलेल्या देशासाठी त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. आधी राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं, असा क्रम असतो. मूळ कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिकवर शिक्का आणि स्टिकर बसत नाही, आणि ते सोलायला गेलं की कागद फाटतो.

मरून पासपोर्ट

राजनैतिक पासपोर्ट मरून रंगाचा, कर्मचाऱ्यांचा अधिकृत पासपोर्ट पांढरा. दोन्हींसाठी नेहमीचा निळा पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ते प्रमाणपत्र जपा, परत आल्यावर निळा पासपोर्ट मिळवायला तेच लागतं. जमा करण्याआधी सगळ्या पानांचे स्कॅन काढा, विशेषतः जिवंत व्हिसा असलेल्या पानांचे. राजनैतिक पासपोर्टवर खासगी सहल परवानगीशिवाय करायची नसते. त्यामुळे निळा पासपोर्ट जमा करण्याच्या आणि नवा हातात येण्याच्या मधल्या काळात परदेशातलं लग्नकार्य किंवा कंपनीचा दौरा ठेवू नका. नवा आल्यावर व्हिसासाठी मंत्रालयाची नोट व्हर्बाल (औपचारिक राजनैतिक पत्र) जोडली जाते आणि कामं बहुतेक दिल्लीतून होतात. पासपोर्ट तिकडे असताना मुंबईत ओळख म्हणून आधार आणि खात्याचं कार्ड हाताशी ठेवा.

लशींचं वेळापत्रक

मुंबईत लहान मुलांच्या लशी दोन वाटांनी होतात: महापालिकेच्या दवाखान्यात किंवा खासगी बालरोगतज्ज्ञांकडे. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची एमआर लस असते, तिच्यात गालगुंडाचा भाग नाही. खासगीत गालगुंडासकट तिन्हींची एमएमआर देतात आणि पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. अडचण इथेच येते. अमेरिकेसह अनेक देशांतल्या शाळा पहिल्या वाढदिवसानंतर दिलेलाच एमएमआर मोजतात, नवव्या महिन्यातला धरत नाहीत. त्यामुळे कार्डावर दोन डोस दिसत असूनही एकच मोजला जातो आणि प्रवेश लांबतो. कांजिण्यांच्या लशीचं तसंच, ती सरकारी कार्यक्रमात नाही, अनेक शाळांना दोन डोस हवे असतात. हे सगळं मुंबईत करून घ्या. तिकडे हीच लस महाग पडते आणि अपॉइंटमेंट मिळेपर्यंत शाळा सुरू झालेली असते.

लशींचं कार्ड मराठीत किंवा फक्त ब्रँडच्या नावांनी लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांच्या लेटरहेडवर लशीचं मूळ नाव, तारीख आणि डोस क्रमांक असा इंग्रजी उतारा सही-शिक्क्यानिशी घ्या. त्यात बीसीजी ही क्षयाची लस जन्मतः दिल्याची ओळ असू द्या. बीसीजी झालेल्या मुलाची क्षयाची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. ती ओळ नसेल तर मुलामागे विनाकारण एक्स-रे आणि औषधांची चर्चा लागते. रक्ताची आयजीआरए चाचणी बीसीजीमुळे पॉझिटिव्ह येत नाही, ती मागता येते.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशात नेमणूक असेल तर त्याची लस. ती फक्त अधिकृत केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनेकडे चौकशी करा. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस सहसा देत नाहीत. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, अंगावर पाजणं, यांपैकी काहीही असेल तर आधी सांगा. ती जिवंत विषाणूची लस आहे, म्हणून एमएमआर आणि ती यांच्यात चार आठवड्यांचं अंतर ठेवणं बरं. निघायच्या आधीच्या आठवड्यात दोन्ही आठवल्या तर एक राहते. हे प्रमाणपत्र सुट्टीवर परत येतानाही लागतं: पीतज्वराच्या देशातून त्याच्याशिवाय आल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

रोजची औषधं तीन महिन्यांची घ्या, मूळ पाकिटात, आणि चिठ्ठीवर ब्रँडऐवजी घटकाचं नाव लिहून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉल अमिरातीत परवानगीशिवाय नेता येत नाही. जपानमध्ये स्यूडोएफेड्रीनवर कडक मर्यादा आहे.

सामान: आधी मोजा, मग बांधा

तुमचा हक्क किती किलो किंवा किती घनमीटर आहे ते आदेशावरून लिहून काढा, आणि घरातली प्रत्येक वस्तू त्या मापाने बघा. १८ इंच लांबी-रुंदी-उंचीचं एक खोकं म्हणजे जवळपास ०.०९६ घनमीटर. अशी दहा-अकरा खोकी मिळून एक घनमीटर होतो. विमानाने पाठवाल तर खोक्याच्या आकाराचाही हिशेब लागतो: ६,००० घन सेंटीमीटरला एक किलो. म्हणजे त्याच खोक्यात सहा किलोची खेळणी भरली तरी बिल १६ किलोचं. हलक्या आणि फुगीर वस्तू जहाजाने. पुस्तकं, कुकर, पहिल्या महिन्याचे कपडे विमानाने.

समुद्रमार्गे जाणारा माल न्हावाशेव्याहून निघतो. गर्दीच्या वेळी मुंबईत अवजड वाहनांना बंदी असल्याने पॅकर्सवाले बहुधा लहान टेम्पोने सामान गोदामात नेतात आणि कंटेनर तिथे भरतात. खोकी हरवतात ती याच मधल्या टप्प्यात. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या, आत काय आहे आणि किंमत किती याची यादी करा, आणि टेम्पो सुटताना व गोदामात उतरताना दोन्हीकडे मोजून सही घ्या. लाकडी पेटारे असतील तर त्यांच्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का बघा. कीड मारण्यासाठी लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटं तापवल्याची किंवा त्याला धुरी दिल्याची ती खूण आहे. ती नसेल तर पलीकडच्या बंदरात पेटारा अडवतात.

जून ते सप्टेंबरमध्ये बांधणार असाल तर ओलावा हाच शत्रू. पावसाळी हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि खालची खोकी चेपतात, म्हणून फाइव्ह-प्लाय, म्हणजे पाच थरांची, खोकी मागा. कपडे आणि गाद्या बंद खोलीत पंखा किंवा एसी लावून दोन दिवस कोरड्या करा, मगच बांधा. मुंबईची दमट हवा पेटीत बंद झाली की थंड प्रदेशात तिचं पाणी होतं आणि आठ आठवड्यांनी रेशमी साड्यांवर बुरशी निघते.

माल वेळेआधी पोचणंही महागात पडतं. करमाफी तुमची तिकडच्या परराष्ट्र खात्यात नोंद झाल्यावरच मिळते. तुम्ही अजून मुंबईत आणि कंटेनर बंदरात, अशी वेळ आली की रोजचं गोदामभाडं चढत जातं. कागदांवर माल घेणारा म्हणून कुणाचं नाव घालायचं आणि माल कधी सोडायचा, हे दूतावासाकडून लेखी घेतल्याशिवाय जहाज ठरवू नका.

स्वयंपाकघर

अल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. तळाला लोहचुंबक चिकटतो का बघा; चिकटत नसेल तर स्टीलचा, इंडक्शन बुडाचा घ्या, आणि सोबत दोन रबरं, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. ते तिकडे मिळवताना फार त्रास होतो. आपला मिक्सर २३० व्होल्टचा. अमेरिकेत १२०, जपानमध्ये १०० व्होल्ट असतात. ७५० वॉटचा मिक्सर ट्रान्सफॉर्मरवर चालवायचा तर किमान दुप्पट क्षमतेचा जड ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यापेक्षा त्या व्होल्टेजचा मिक्सर विकत घेणं शहाणपणाचं. सोऱ्या, पुरणयंत्र आणि मोदकपात्र मात्र न्याच.

खसखस अमिरातीत आणि सिंगापूरला नेता येत नाही. ती अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते, आणि कांदा-लसूण मसाल्यात ती बेमालूम असते. घरचा मसाला नेण्याआधी आईला किंवा सासूबाईंना घटक विचारून घ्या. युरोपीय संघात प्रवासी सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप आणि पेढेही त्यातच आले. ऑस्ट्रेलियात देव्हाऱ्यातला नारळ, अक्षता, सुपारी, हळकुंडं, लाकडी पोळपाट हे सगळं जाहीर करायचं असतं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला दंड होतो.

घर आणि पैसे

फ्लॅट भाड्याने द्यायचा तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही द्या. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. दिवसांच्या हिशेबाने तुम्ही करासाठी अनिवासी ठरलात तर भाडेकरूला भाड्यातून सुमारे ३१.२ टक्के कर कापावा लागतो. करारात तशी ओळ घाला, नाहीतर नोटीस त्याला येते आणि वाद तुमच्याशी होतो. सरकारी पगारावर भारतातच कर लागतो, परदेशभत्त्यावर लागत नाही.

कुलमुखत्यारपत्र निघण्याआधी मुंबईतच नोंदवा. भाऊ, आई, विश्वासाचं कुणी, त्याला नेमकी कामं लिहून द्या: भाडं, सोसायटी, वीजबिल, बँक. फ्लॅट विकण्याचा अधिकार त्यात सहज म्हणून घालू नका.

मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि नव्वद दिवस नंबर रिकामा पडू नये म्हणून रिचार्जची आठवण लावा. सोनं नेणार असाल तर सरकारमान्य व्हॅल्युअरकडून फोटोसह मूल्यांकन करून घ्या आणि विमानतळावर सामान सोडण्याआधी कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परतताना तेच दागिने ‘आणलेले’ समजून शुल्क लागू नये, यासाठी. मतदानासाठी परदेशात नेमलेले सरकारी नोकर आणि त्यांचे जोडीदार सेवा मतदार म्हणून नाव नोंदवू शकतात.

शाळा आणि जोडीदाराची नोकरी

शाळा सोडल्याचा दाखला, दोन वर्षांची प्रगतिपत्रकं आणि मुख्याध्यापकांचं इंग्रजी पत्र घ्या. इयत्ता जुळेलच असं नाही: इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टपर्यंत पाच पूर्ण झालेलं मूल इयर वनमध्ये बसतं, आणि मुंबईत तेच मूल बहुधा सीनियर केजीत असतं. काठमांडू, मॉस्को आणि तेहरानला केंद्रीय विद्यालय आहे. परत आल्यावर महाराष्ट्रातल्या शाळेत मराठी सक्तीची आहे, म्हणून बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून घ्या आणि आठवड्याला दोनदा वाचन-लेखन चालू ठेवा. बोलणं घरात टिकतं, जोडाक्षरं पहिल्या वर्षातच जातात.

जोडीदार मुंबईच्या कंपनीचं काम घरून करणार असेल तर ते गुपचूप करू नका. त्या देशाशी जोडीदाराच्या नोकरीचा करार आहे का ते पाहून, दूतावासामार्फत परवानगी घ्यावी लागते, आणि त्या कामापुरतं दिवाणी दाव्यांपासूनचं राजनैतिक संरक्षण आणि करमाफी सुटते. तिकडे बाळ झालं तर जन्माची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करा. वंशाने मिळणारं नागरिकत्व त्या नोंदीवर अवलंबून आहे.

विमानात पाळण्याची जागा फोन करून आधी मागून घ्या. हातातल्या बॅगेत मूळ कागद, अपोस्टिल, लशींचा उतारा, सरेंडर सर्टिफिकेट, दागिन्यांचं प्रमाणपत्र, प्रत्येकाचे बारा फोटो आणि मुलांचे दोन दिवसांचे कपडे. यातलं काहीही सोडायच्या सामानात टाकायचं नाही.