ओट्याचा ग्रॅनाइट: आधी पाण्याची परीक्षा, मग कटिंग

ग्रॅनाइट पसंत करताना चकाकीला भुलू नका. दगडावर चमचाभर पाणी ओता आणि दहा मिनिटांनी पुसा. खाली गडद डाग दिसला तर तो दगड पाणी पितो. त्यावर सीलर मारावाच लागेल, नाहीतर तेल-हळद आत मुरेल. काळ्या दगडावर पांढऱ्या फडक्याने अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते द्रावण) घासून पाहा. फडकं काळं झालं, तर रंग लावलेला आहे, सरळ नाकारा.

जाडी 18–20 मिमी असेल तर खाली सलग आधार हवा. पुढची कड कपाटाच्या दारांपुढे साधारण 25 मिमी काढा आणि तिच्या खालच्या बाजूला बारीक खाच मारून घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी दारांवर न जाता तिथेच गळतं. ही खाच हमखास विसरली जाते.

दगड तडकतो तो बहुतेकदा सिंकपाशी, कारण तिथे पुढे अरुंद पट्टीच उरते. कटआउटचे, म्हणजे सिंकसाठी कापलेल्या जागेचे, कोपरे गोलाकार ठेवा, काटकोनी कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. दोन लाद्यांचा सांधाही सिंकवर नको. आणि लादी नेताना उभीच धरा. आडवी उचलली की स्वतःच्याच वजनाने मोडू शकते.