फुकटचा पझल गेम पारखताना या चुका टाळा

‘अर्धा तास खेळून पाहिला, मस्त आहे’ हे मत बहुतेक वेळा गेमबद्दल नसतंच, ते त्याच्या पहिल्या वीसेक लेव्हलबद्दल असतं. तिथे हरणं जवळपास अशक्य असतं. गेम चाल सुचवतो, बूस्टर (लेव्हल सोपी करणाऱ्या जादा शक्ती) उधळतो, एवढ्यातेवढ्यावर फटाके फोडतो. फुकट गेमचं खरं रूप दिसतं ते तुम्ही पहिल्यांदा अडकता तेव्हा. म्हणून अडकेपर्यंत खेळा, मग बोला.

मी असाच एका लेव्हलवर अडकलो होतो. चाली २२, आणि दर वेळी एकच चौकट उरायची. लगेच पडद्यावर भलंमोठं हिरवं बटण: आणखी ५ चाली, नाणी मोजा. ‘नको’साठी मात्र कोपऱ्यात करडी, बारीक फुली. सलग चार वेळा हेच झालं आणि मी चिडून एक तारा देऊन मोकळा झालो. ती घाई होती. आधी तीच लेव्हल बूस्टर न वापरता पुन्हा खेळून बघायला हवी होती. सुरुवातीची मांडणी दर वेळी तीच असेल, तर आपली चाल कुठे चुकली ते शोधता येतं. मांडणी बदलत असेल, तर नशिबाचा वाटा मोठा आहे.

नशीब आहे म्हणून गेम टाकाऊ ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. गाब्रिएले चिरुलीने २०१४ मध्ये केलेल्या ‘२०४८’ या सारखे आकडे सरकवून जोडायच्या गेममध्ये नवी चौकट ९० टक्के वेळा २ ची येते, १० टक्के वेळा ४ ची, आणि रिकाम्या जागी कुठेही पडते. तरीही सर्वांत मोठा आकडा एका कोपऱ्यात रोवून खेळणारा आणि चारी दिशांना बोट फिरवणारा, यांच्या गुणांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. उलट फ्रीसेल या एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या गेममध्ये सगळे पत्ते डोळ्यांसमोर उघडे. पण विंडोजमधल्या मूळ ३२,००० डावांपैकी ११९८२ क्रमांकाचा डाव कोणालाच सुटत नाही. तेव्हा ‘सुटत नाही’ म्हणजे ‘लुबाडतोय’ असं लगेच धरू नका. विचार केल्यावर निकाल सुधारतो का, की फक्त पैसे मोजल्यावर? मी आता एवढंच बघतो.

जाहिरातीत दिसला तोच गेम मिळेल, या भरवशावर तर मुळीच राहू नका. पिना ओढून माणसाला वाचवायच्या त्या जाहिराती आठवतात? होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या अशा जाहिराती ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०२० मध्ये दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. मूळ गेम होता सारख्या वस्तू जुळवण्याचा.

ताऱ्यांची सरासरीही फार मनावर घेऊ नका. कित्येक गेम अवघड लेव्हल जिंकल्या-जिंकल्या ‘आवडला का?’ विचारतात, त्या खुशीत कोण कमी तारे देणार? तीन तारे देणाऱ्यांचे ताजे अभिप्राय वाचा. जुने कामाचे नाहीत, कारण एका अपडेटमध्ये जाहिराती दुप्पट झालेल्या असू शकतात.

आता बिघाडाचं. गेम अडखळला की लोक थेट सेटिंग्जमध्ये जाऊन ‘क्लिअर डेटा’ दाबतात. मीही दाबलं होतं, आणि शंभरावर लेव्हल पाण्यात गेल्या. प्रगती फक्त फोनवरच साठवलेली असेल, तर ती या बटणाने पुसली जाते. आधी गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, मग फक्त कॅशे (गेमने साठवलेल्या तात्पुरत्या फायली) साफ करा. गेम काढून पुन्हा टाकायचाच असेल, तर तो खात्याशी जोडलेला आहे का ते पाहून घ्या. ‘जाहिराती काढा’साठी पैसे भरूनही जाहिराती येत असतील, तर दुसऱ्यांदा पैसे भरण्याआधी गेमच्या सेटिंग्जमध्ये ‘रिस्टोअर पर्चेस’ शोधा. पैसे भरले होते त्याच स्टोअर खात्यावरून आलेले असलात, तर बहुधा तेवढ्यावर भागतं.

आणि लाइफ (हरल्यावर कमी होणाऱ्या आणि काही वेळाने परत मिळणाऱ्या खेळायच्या संधी) लवकर भराव्यात म्हणून फोनचं घड्याळ पुढे सरकवू नका. काही गेममध्ये चालतंही, पण घड्याळ जागेवर आणलं की अर्ध्या तासाने येणारी लाइफ उद्यावर जाऊन बसते.