इसिक-कुलच्या सायकल प्रदक्षिणेला निघण्यापूर्वी

किर्गिझस्तानातलं इसिक-कुल सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. म्हणजे जवळपास कळसूबाईच्या उंचीवर पूर्व-पश्चिम १८० किलोमीटर पसरलेलं पाणी, आणि त्याच्याभोवती साधारण ४४० किलोमीटरचा रस्ता. सहल कंपनीबरोबर गेलात तर सोबत गाइड असतो, सामानाची गाडी असते, मुक्काम ठरलेले असतात. तरी अंगाची तयारी आपली आपल्यालाच करावी लागते. ती आधी वाऱ्यासाठी करा, चढासाठी नंतर.

इथल्या दोन वाऱ्यांना नावं आहेत. पश्चिमेकडून बूमच्या घळीतून येतो तो उलान, पूर्वेकडून येतो तो सान्ताश. पश्चिम टोकाच्या बालिकची गावाहून निघून उत्तर किनाऱ्यानं चोल्पोन-आता, मग पूर्वेकडचं काराकोल आणि दक्षिण किनाऱ्यानं परत बालिकची असा क्रम असेल, तर तळं सतत उजव्या हाताला राहतं, अगदी देवळातल्या प्रदक्षिणेसारखं. तिथे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे तुम्ही पाण्याच्या बाजूला असता. शिवाय निवांत दक्षिण किनारा नंतरसाठी उरतो. मला हाच क्रम आवडतो. पण यात शेवटचे दिवस तोंड पश्चिमेला असतं, आणि उलान सुटला की तो थेट छातीवर. म्हणून पैसे भरण्याआधी विचारून घ्या: फेरी कोणत्या दिशेनं, रोज किती किलोमीटर, आणि थकलेल्याला गाडीत बसता येतं का.

सराव निघण्याआधी किमान आठ आठवडे हवा. सिंहगड किंवा पसरणी घाट जरूर करा, कारण दक्षिण किनाऱ्याजवळच्या जेती-ओगुझ आणि बार्सकूनच्या खोऱ्यांत शिरलात तर चढ आहे. पण किनाऱ्याच्या रस्त्याचा खरा सराव पुणेकरांना जूनमध्ये सोलापूर रस्त्यावर मिळतो. सकाळी दौंडच्या दिशेनं जा आणि पश्चिमेचा पावसाळी वारा तोंडावर घेत परत या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. एका दिवसात शंभर किलोमीटर मारण्यापेक्षा लागोपाठ दोन दिवस सत्तर-सत्तर चालवलेले जास्त कामाला येतात, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना काय होतं ते तेव्हाच कळतं. वारा अडावा म्हणून मित्राच्या चाकामागे चाक ठेवून चालवायलाही याच फेऱ्यांत शिका. पुढचा थकला की मागच्यानं पुढे यायचं. हे जमणारा गट उलानातही एकत्र राहतो.

सायकल बहुधा तिथलीच मिळेल. तरी स्वतःची सीट आणि पेडल घेऊन जा. चार-पाच दिवसांत परक्या सीटवर शरीर रुळत नाही. घरच्या सायकलवर पेडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर पेडल सगळ्यात खाली असताना मोजून लिहून ठेवा, आणि तिथल्या सायकलची सीट तेवढीच लावता यावी म्हणून शिवणकामाची टेप बॅगेत टाका. पॅडेड शॉर्ट्स तीन हव्यात, तिन्ही आधी वापरलेल्या. एकदा मी कोऱ्या शॉर्ट्स घालून लांबच्या फेरीला गेलो होतो. मांडीला शिवण घासून झालेली जखम आठवडाभर भरली नाही. या शॉर्ट्सखाली दुसरं काही घालायचं नसतं, आणि रात्री धुतल्यावर त्या नीट वाळल्या पाहिजेत.

आरसा हँडलच्या डाव्या टोकाला लावा. ओव्हरटेक करणारी गाडी तिथे डावीकडून येते. पहिल्या सकाळी मोकळ्या जागेत ब्रेक तपासा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, तिकडच्या सायकलींना तो डाव्या हाताला असू शकतो. उतारावर घाईत चुकीचा ब्रेक दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. गाइडला सांगून ब्रेक बदलून घ्यायला संकोच करू नका.

गाडी मागे असली तरी ती कधी दुसऱ्याच्या पंक्चरपाशी थांबलेली असते. म्हणून एक ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप, पातळ विंडचीटर आणि दोन बाटल्या पाणी सायकलवरच ठेवा. तळ्याचं पाणी किंचित खारट आहे, पिण्यासाठी त्यावर विसंबू नका. हवा कोरडी असल्यानं घाम दिसत नाही, पण पाणी जातच असतं; रोजची ओआरएसची पाकिटं मोजूनच घ्या. सनस्क्रीन आणि ओठांचा बामही हवा. ऑगस्टमध्येही रात्री गारवा असतो, एक गरम जॅकेट पुरतं. पोहण्याचे कपडे मात्र विसरू नका. दक्षिण किनाऱ्यावरच्या तोसोर किंवा ताम्गा गावाच्या काठावर दिवसभराची धूळ त्या निळ्या पाण्यात धुण्यासारखं सुख नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: व्हिसा लागतो. विम्यात सायकलिंग आणि डोंगराळ भागातून हलवण्याचा खर्च आहे का, ते पॉलिसी उघडून वाचा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, अवजारं चेक-इनमध्ये. चार्जरची दोन गोल पिनांची पिन तिथे चालते, आपली जाड तीन पिनांची नाही.

शाकाहारी असाल तर गाइडला आठवडाभर आधी कळवा, आणि ‘बेझ म्यासा’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन रशियन शब्द पाठ करा. सूपचं पाणीही मांसाचं असू शकतं, तेही विचारावं लागतं. काराकोलमध्ये आशल्यान-फू नावाचे गार, आंबट-तिखट नूडल्स मिळतात. त्यात बहुधा अंडं असतं, तेव्हा आधी विचारून घ्या. पाव, चहा आणि जर्दाळू वाटेत मिळतात. तरी घरून मेतकूट आणि गुळाची चिक्की न्या. चिक्कीची दोन पाकिटं आधीच बाजूला काढून त्यांवर ‘शेवटचा दिवस’ असं लिहा. ती गाडीतल्या बॅगेत ठेवू नका, बालिकचीच्या वाटेवर ती जर्सीच्या मागच्या खिशातच हवीत.